जैवभाराचं अल्कोहोल की खनिज इंधनाचं? ऊर्जेचा हिशेब नागपुरात बसून कसा मांडावा

नागपुरात इथेनॉलवर बोलणं नवं नाही. २०१४ मध्ये इथल्या रस्त्यावर ९५ टक्के इथेनॉलवर चालणारी हिरवी बस धावली, आणि तेव्हापासून हा विषय पानठेल्यापासून अभियांत्रिकी कॉलेजच्या सेमिनारपर्यंत सगळीकडे पोचला. दोन वाक्यं मात्र अजूनही ठरलेली आहेत. एक : ‘इथेनॉल बनवायला त्यातून मिळते त्याहून जास्त ऊर्जा लागते.’ दुसरं : ‘शेतातून येतं, म्हणजे ऊर्जा फुकटच.’ हिशेबाची चौकट बदलली की दोन्ही वाक्यं खरी ठरवता येतात. म्हणूनच चौकट आधी ठरवायची आणि आकडे नंतर भरायचे.

हा लेख त्या क्रमानं जातो. शेतकरी उत्पादक कंपनीचा प्रकल्प अहवाल तपासणारे संचालक, रासायनिक अभियांत्रिकीचे विद्यार्थी, किंवा डिस्टिलरीत पैसे घालण्याआधी स्वतः गणित करून पाहू इच्छिणारे लोक डोळ्यांसमोर आहेत. कागद, कॅल्क्युलेटर आणि थोडा धीर एवढं पुरेल. खालच्या उदाहरणांतले शेताचे आणि कारखान्याचे काही आकडे मी रीत दाखवण्यासाठी गृहीत धरले आहेत. तिथं तुमच्या गावाचे, तुमच्या कारखान्याचे आकडे घाला.

पहिली पायरी : तुलना नेमकी कशाची?

अल्कोहोल म्हणजे एकच पदार्थ नव्हे. इथेनॉल आंबवूनही मिळतं आणि पेट्रोरसायनांतल्या इथिलीन वायूपासूनही. मिथेनॉल बहुतेक नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून बनतं, पण लाकूड-काडीकचऱ्याचा वायू करूनही बनवता येतं. हे सगळे लिटर एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नका, कारण लिटरमध्ये मावणारी ऊर्जा वेगवेगळी आहे :

- पेट्रोल : सुमारे ३२ मेगाज्यूल प्रति लिटर
- इथेनॉल : २१.२ मेगाज्यूल प्रति लिटर
- मिथेनॉल : १५.८ मेगाज्यूल प्रति लिटर

म्हणजे एका लिटर पेट्रोलमधल्या ऊर्जेसाठी दीड लिटर इथेनॉल किंवा दोन लिटर मिथेनॉल लागतं. इंधन म्हणून तुलना असेल तर ‘एक मेगाज्यूल मिळवायला किती मेगाज्यूल घातले’ हे माप घ्या. औषध किंवा रंग कारखान्यात द्रावक म्हणून वापरायचं असेल तर तिथं रेणू हवा आहे, ऊर्जा नाही. मग त्याच पदार्थाच्या दोन वाटा किलोला किलो ताडून पाहा.

दुसरी पायरी : जीसीव्ही की एनसीव्ही, एकदाच ठरवा

वर दिलेले आकडे निव्वळ उष्मांकाचे, म्हणजे एनसीव्हीचे आहेत. जळताना तयार होणाऱ्या पाण्याच्या वाफेतली उष्णता त्यात धरलेली नसते. स्थूल उष्मांक, म्हणजे जीसीव्ही घेतला तर इथेनॉलचा आकडा २३.४ होतो. आपल्याकडे कोळसा जीसीव्हीवर विकला जातो. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या, जी-११ प्रतीचा कोळसा म्हणजे किलोला ४,००० ते ४,३०० किलोकॅलरी. एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८७ किलोज्यूल, तेव्हा ४,००० किलोकॅलरीचे १६.७ मेगाज्यूल झाले.

ओल्या इंधनात हा फरक फार मोठा होतो. उसाच्या चिपाडात, म्हणजे बगॅसमध्ये, निम्मं पाणी असतं. त्याचा जीसीव्ही किलोला साडेनऊ मेगाज्यूलच्या आसपास भरतो, पण एनसीव्ही साडेसातच. एका ओळीत जीसीव्ही आणि पुढच्या ओळीत एनसीव्ही घेतलेले अहवाल मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि तिथंच तुलना बिघडते. सगळीकडे एनसीव्ही धरा. बॉयलरला मिळणारी उष्णता साधारण तीच असते. उष्मांक अंदाजानं लिहू नका, नमुना तपासून घ्या. कोळशाची प्रत तपासणारं सिम्फरचं, म्हणजे खाण आणि इंधनावरच्या केंद्रीय संशोधन संस्थेचं, केंद्र नागपुरातच आहे, आणि बॉम्ब कॅलरीमापक असलेली कोणतीही चांगली प्रयोगशाळा पऱ्हाटी (कापसाच्या काड्या), तूस (धानाचं टरफल), कुटार (मळणीनंतरचा भुसा) यांचा उष्मांक काढून देऊ शकते.

तिसरी पायरी : कोणती ऊर्जा मोजायची?

या पायरीवर घाई करू नका. पुढचे सगळे निष्कर्ष इथं ठरतात.

ऊर्जा मोजण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिलीत फक्त प्रक्रियेची ऊर्जा धरतात : वाफ, वीज, डिझेल. दुसरीत कच्च्या मालातली ऊर्जाही धरतात, मग तो मका असो की कच्च्या तेलातून निघणारा नाफ्था. तिसरीत फक्त खनिज ऊर्जा धरतात, म्हणजे जमिनीतून काढलेला कोळसा, तेल आणि वायू, कुठल्याही वाटेनं आत आलेला.

खनिज वाटेत कच्चा माल हाच इंधन असतो. इथिलीनपासून इथेनॉल करताना इथिलीनमधली ऊर्जा इथेनॉलमध्ये उतरते. ती नाफ्थातून आली, म्हणजे तेलाच्या विहिरीतून आली. प्रक्रियेची ऊर्जा तेवढी मोजली तर ही वाट स्वस्त दिसते. दुसरीकडे मक्याच्या दाण्यातली ऊर्जा सूर्यप्रकाशाची आहे. ती ‘खर्च’ म्हणून धरायची की नाही, हे तुमच्या प्रश्नावर अवलंबून आहे. देशाचं आयात तेल आणि धूर कमी व्हावा हा प्रश्न असेल तर तिसरी पद्धत घ्या. उपलब्ध जैवभार कुठं वापरला तर जास्त कामी येईल, हा प्रश्न असेल तर दुसरी. पहिली पद्धत कारखान्याच्या आत, दोन यंत्रणांची तुलना करताना कामाची आहे. दोन वाटांच्या तुलनेत तिचा उपयोग करू नका.

जगभर यावर मोठा वाद झाला आहे. अमेरिकेत २००५ मध्ये पिमेंटेल आणि पॅट्झेक या संशोधकांनी मांडलं की मक्याच्या इथेनॉलला त्यात असते त्याहून २९ टक्के जास्त खनिज ऊर्जा लागते. पुढच्याच वर्षी बर्कलेच्या फॅरेल आणि सहकाऱ्यांनी असे अभ्यास तपासून दाखवलं की उणे उत्तर देणाऱ्यांनी पेंडीसारख्या जोड-उत्पादनांना वाटा दिला नव्हता आणि काही आकडे जुने होते.

चौथी पायरी : शेताची सीमा

आता मक्याचं उदाहरण घेऊ. एका टन मक्यापासून साधारण ३८० लिटर इथेनॉल मिळतं, म्हणजे लिटरला २.६३ किलो मका. कळमेश्वर-सावनेरकडचं खरिपातलं एक एकर रान धरा, उतारा २५ क्विंटल. म्हणजे एकरी ९५० लिटर इथेनॉल.

त्या एकरात गेलेली खनिज ऊर्जा अशी :

- युरिया अडीच पोती : ४५ किलोचं पोतं, भारतीय कारखान्यांत टनामागे साधारण २५ गिगाज्यूल लागतात (एक गिगाज्यूल म्हणजे हजार मेगाज्यूल). एकूण २.८ गिगाज्यूल.
- स्फुरद-पालाश मिळून ०.५ गिगाज्यूल धरा.
- ट्रॅक्टर, पेरणी, मळणीचं डिझेल २५ लिटर, लिटरला ३६ मेगाज्यूल : ०.९ गिगाज्यूल.
- दोन संरक्षित ओलितांसाठी पंपाची वीज १७० युनिट : १.८ गिगाज्यूल.

बेरीज सहा गिगाज्यूल, भागिले ९५० लिटर, म्हणजे लिटरला ६.३ मेगाज्यूल.

युरियाच्या ओळीवर नजर ठेवा. एका पोत्यामागे १.१ गिगाज्यूल, म्हणजे सुमारे ३१ लिटर डिझेलइतकी ऊर्जा. ती बहुतांशी नैसर्गिक वायूतून येते. शेतकऱ्याला अनुदानामुळे पोतं स्वस्त पडतं म्हणून त्याच्या मागची ऊर्जा कुणाला दिसत नाही, पण ऊर्जेच्या खातेवहीत अनुदान चालत नाही.

विजेच्या ओळीत आणखी एक गोष्ट पाहा. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल हे मीटरवरचं माप झालं. पण कोराडी किंवा खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रात ते युनिट तयार व्हायला कोळशातले सुमारे साडेदहा मेगाज्यूल जळतात. हिशेबात साडेदहाच धरायचे. शेतीच्या लाइनवर गळती जास्त असेल तर आकडा आणखी वाढवा.

वाहतूक मात्र थोडक्यात आटपते. दहा टनांचा ट्रक, एका बाजूनं ६० किलोमीटर, परत रिकामा, लिटरला चार किलोमीटर : ३० लिटर डिझेल. ते ३,८०० लिटर इथेनॉलवर वाटलं की लिटरला ०.३ मेगाज्यूल. धान्याच्या बाबतीत वाहतुकीवर वाद घालण्यात अर्थ नाही. तणस आणि पऱ्हाटीचं तसं नाही. ते पुढे येतंय.

पाचवी पायरी : कारखान्याच्या आत

यीस्टचं काम अगदी काटकसरीचं असतं. १८० किलो ग्लुकोजपासून सिद्धान्तानं ९२ किलो इथेनॉल आणि ८८ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. वजन जवळजवळ निम्मं हवेत जातं, पण जळण्याच्या उष्णतेनं मोजलं तर ग्लुकोजमधली सुमारे ९७ टक्के ऊर्जा इथेनॉलमध्ये शिल्लक राहते. आंबवण्यात ऊर्जा फारशी वाया जात नाही.

खर्च होतो तो पाणी वेगळं करण्यात. आंबवलेल्या वॉशमध्ये अल्कोहोल ८ ते १२ टक्केच असतं. उरलेल्या पाण्यातून ते वेगळं करायला वाफ लागते. ऊर्ध्वपातन करत गेलात तरी वजनानं ९५.६ टक्क्यांवर गाडी अडते. त्यापुढचं पाणी मॉलिक्युलर सीव्हनं, म्हणजे पाण्याचे रेणू धरून ठेवणाऱ्या चाळणीनं, काढावं लागतं, कारण पेट्रोलमध्ये मिसळायला जवळपास निर्जल इथेनॉलच हवं. मागे राहतो स्पेंट वॉश. तो नदी-नाल्यात सोडता येत नाही, आटवावा लागतो, आणि आटवायला पुन्हा वाफ. धान्याच्या कारखान्यात त्यातून डीडीजीएस नावाचं पशुखाद्य वाळवून काढतात. त्यालाही वाफ लागते.

हे सगळं मिळून लिटरला ३.८ किलो वाफ धरू. एक किलो वाफेसाठी ८० टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरमध्ये साधारण ३ मेगाज्यूल इंधन जळतं. म्हणजे ११.४ मेगाज्यूल. वीज लिटरला पाव युनिट, म्हणजे २.६ मेगाज्यूल.

बेरीज करा : शेत ६.३, वाहतूक ०.३, वाफ ११.४, वीज २.६. एकूण २०.६ मेगाज्यूल. हाती आलेल्या लिटरमध्ये २१.२. बॉयलरमध्ये उमरेडचा कोळसा जळत असेल तर गुणोत्तर, म्हणजे हाती आलेली ऊर्जा भागिले घातलेली खनिज ऊर्जा, १.०३. म्हणजे एवढा खटाटोप करून आपण कोळशाचं आणि वायूचं रूपांतर द्रव इंधनात केलं, ऊर्जेत भर जवळपास काहीच नाही. ‘इथेनॉलला जास्त ऊर्जा लागते’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा इथं हातात येतो.

नागपूरच्या उन्हाळ्याची ओळ वेगळी लिहा. यीस्टला तीस ते चौतीस अंश मानवतात. मे महिन्यात बाहेर पारा ४५ वर गेला की आंबवण टाक्या थंड ठेवणं हे स्वतंत्र काम होतं. इथल्या कोणालाही ठाऊक आहे की घरचा कूलर मेमध्ये उत्तम चालतो आणि जुलैत दमट हवेत निकामी होतो. कारखान्याच्या कूलिंग टॉवरचंही तसंच आहे. मेमध्ये तो पाणी भरपूर पितो पण थंडावा देतो. पावसाळ्यात पाणी कमी उडतं, पण थंडावाही कमी मिळतो आणि चिलरची वीज वाढते. म्हणून वर्षाचा एकच सरासरी आकडा घेऊ नका. मे आणि ऑगस्टच्या वीजबिलांवरून दोन वेगळे आकडे काढा.

सहावी पायरी : बॉयलरमध्ये काय जळतंय?

माझ्या मते सगळ्या हिशेबात हा एक प्रश्न सर्वात वजनदार आहे. पुण्या-मुंबईच्या अहवालातून आकडे उचलून चालत नाही ते याच कारणानं.

भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमधून निघणारं धानाचं तूस वाफेसाठी वापरलं तर कोळशाचे ११.४ मेगाज्यूल खनिज खात्यातून जातात. तूस आणायचं डिझेल लिटरला ०.२ धरा. आता खनिज ऊर्जा ९.४ राहते आणि गुणोत्तर २.३ होतं. बॉयलरच्या वाफेवर टर्बाइन लावून वीजही स्वतः केली तर ६.८ आणि ३.१. मका तोच, यीस्ट तेच, यंत्रंही तीच.

पण इथं एक कडू प्रश्न विचारायलाच हवा. ते तूस आधी कुठं जात होतं? दिवसाला ६० हजार लिटरच्या कारखान्याला तुसावर चालायचं तर रोज ५५ टनांच्या आसपास तूस लागेल, वर्षाला सुमारे १८ हजार टन. धानाच्या वजनाचा पाचवा भाग तूस धरला तर ते ९० हजार टन धानाचं तूस झालं. उकडा तांदूळ करणाऱ्या मिल स्वतःच्या बॉयलरसाठी तूस वापरतात, इतर कारखानेही विकत घेतात. तुमच्या खरेदीमुळे त्यांच्यापैकी कोणी कोळशाकडे वळलं तर खनिज ऊर्जा वाचली नाही, फक्त दुसऱ्याच्या खात्यात गेली. म्हणून पुरवठादाराला भावाबरोबर हेही विचारा की गेल्या हंगामात हा माल कोण उचलत होतं. पडून राहणारा किंवा उघड्यावर जाळला जाणारा माल असेल तर बचत खरी. नसेल तर तूस कोळशासारखंच मोजा.

सातवी पायरी : जोड-उत्पादनाला वाटा

लिटरमागे सुमारे ०.८ किलो डीडीजीएस निघतं. किलोला १८ मेगाज्यूल धरले तर त्यात १४ मेगाज्यूल आहेत. ऊर्जेच्या प्रमाणात खर्च वाटला तर इथेनॉलकडे ६० टक्के येतो. मग कोळशाच्या बॉयलरचे २०.६ चे १२.४ होतात आणि गुणोत्तर १.७ वर चढतं. भावाच्या प्रमाणात वाटलं तर आकडा वेगळा येईल. डीडीजीएसमुळे किती सोयाबीन पेंड वाचली असं मोजलं तर आणखी वेगळा. मला पेंड वाचवण्याची रीत जास्त प्रामाणिक वाटते, कारण डीडीजीएस जाळलं जात नाही, गाईम्हशींना आणि कोंबड्यांना घातलं जातं. मात्र त्यासाठी स्थानिक पशुखाद्याच्या बाजारात ते खरोखर खपतंय का, हे पाहावं लागेल.

मळीच्या बाबतीत हा वाटा आणखी नाजूक आहे. मळी साखरेबरोबरच निघते. सगळा उसाचा खर्च साखरेवर टाकला तर मळीचं इथेनॉल फुकट दिसेल. अहवालात कोणती रीत धरली ते लिहिलेलं नसेल तर तो आकडा बाजूला ठेवा.

ऊस, आणि ब्राझीलचा ९.३

ऊस अल्कोहोलसाठी उत्तम का, याचं उत्तर चिपाडात आहे. एका टन उसातून सुमारे ३०० किलो बगॅस निघतं, म्हणजे २,२०० मेगाज्यूलच्या वर ऊर्जा. थेट रसापासून त्याच टनात सत्तरेक लिटर इथेनॉल मिळतं. कारखान्याची वाफ आणि वीज भागून बगॅस उरतं. बाहेरचा कोळसा लागत नाही.

म्हणूनच ब्राझीलच्या २००५-०६ हंगामासाठी मॅसेडो आणि सहकाऱ्यांनी ९.३ हे गुणोत्तर काढलं. आपल्याकडच्या सादरीकरणांत तो आकडा जसाच्या तसा येतो. तो इथं लागू नाही. ब्राझीलच्या मुख्य पट्ट्यातला ऊस बहुतांशी पावसावर वाढतो. आपला ऊस पंपावर. एकरी ३२ टन, म्हणजे २,२४० लिटर धरा. पाच पोती युरिया ५.६ गिगाज्यूल, पंपाची हजार युनिट वीज साडेदहा, बाकी दोन. एकूण १८.१, लिटरला ८.१ मेगाज्यूल, गुणोत्तर २.६. शेतातल्या विजेनंच अर्ध्याहून जास्त खाल्लं. तोच पंप सौर केला तर खनिज खर्च लिटरला ३.४ वर येतो आणि गुणोत्तर सहाच्या वर जातं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतला एकेक पंप इथेनॉलच्या या हिशेबात डिस्टिलरीतल्या सुधारणांपेक्षा मोठा ठरू शकतो. पाण्याचा प्रश्न मात्र सौर पंपानं सुटत नाही. विदर्भात ऊस वाढवा म्हणणाऱ्यांनी त्याचं उत्तर वेगळं द्यावं.

आठवी पायरी : खनिज वाटेचा हिशेब

इथिलीनला पाण्याची जोड दिली की इथेनॉल होतं. फॉस्फोरिक आम्लाचं उत्प्रेरक, सुमारे ३०० अंश तापमान आणि ६०-७० वातावरणांचा दाब. एका फेरीत इथिलीनचा जेमतेम ५ टक्के भाग बदलतो, म्हणून वायू पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो, आणि शेवटी इथंही अल्कोहोलमधून पाणी काढावंच लागतं.

एक लिटर इथेनॉलला प्रत्यक्षात अर्धा किलो इथिलीन धरा. त्यातली ऊर्जा २३.६ मेगाज्यूल. नाफ्था ८०० अंशांच्या वर तापवून इथिलीन फोडून काढायचा खर्च, सोबतच्या इतर रसायनांना त्यांचा वाटा देऊन, किलोला १५ धरला तर ७.५. पुढच्या प्रक्रियेची आणि ऊर्ध्वपातनाची वाफ आणखी ७.५. एकूण ३८.६, हाती २१.२. गुणोत्तर ०.५५.

आता तिसऱ्या पायरीवर परत या. प्रक्रियेची ऊर्जा तेवढी पाहिली तर इथिलीनची वाट १५ मेगाज्यूलमध्ये भागते आणि मक्याची २०.६ घेते. खनिज वाट जिंकली. खनिज ऊर्जा पाहिली तर ३८.६ विरुद्ध ९.४, तुसाच्या बॉयलरसह मका चौपट पुढे. आणि कच्च्या मालासकट सगळी ऊर्जा पाहिली तर? मक्याच्या दाण्यात लिटरमागे ४२ मेगाज्यूल आहेत, त्यात २०.६ मिळवा, ६२.६. बाहेर इथेनॉल आणि डीडीजीएस मिळून ३५.२. म्हणजे ५६ टक्के, इथिलीनच्या ५५ टक्क्यांशी बरोबरी. एकच कागद, तेच आकडे आणि तीन निकाल. कुणी ‘अमुक वाट स्वस्त’ म्हणालं की पहिला प्रश्न हा विचारा : कोणत्या पद्धतीनं?

भारतात गाडी बऱ्याचदा उलट दिशेनं चालते, हेही सांगायला हवं. काशीपूरचा इंडिया ग्लायकॉल्सचा कारखाना मळीच्या इथेनॉलपासून इथिलीन ऑक्साइड आणि ग्लायकॉल बनवतो. जैविक इथेनॉल थेट पेट्रोरसायनाची जागा घेतं तिथं हिशेब इंधनाच्या तुलनेनं वेगळा मांडावा लागतो, कारण वाचतो तो नाफ्था, पेट्रोल नव्हे.

मिथेनॉलचं गणित सरळ आहे. नैसर्गिक वायूपासून किलोला साधारण ३० मेगाज्यूल आत, १९.९ बाहेर, दोन तृतीयांश. कोळशापासून ४५ आत, म्हणजे ४४ टक्के. ‘आपल्याकडे कोळसा आहे, मिथेनॉल करू’ हे नागपुरात सहज बोललं जातं, वेकोलिचं मुख्यालयच इथं आहे. पण भारतीय कोळशात राख ३० ते ४५ टक्के असते. ती राख तापवायची, बाहेर काढायची, गॅसिफायर, म्हणजे कोळशाचा वायू करणारं यंत्र, तिला झेपेल असा घडवायचा, यात ऊर्जा जाते. भेल या सरकारी कंपनीनं हैदराबादला जास्त राखेच्या कोळशापासून मिथेनॉल काढून दाखवलं आहे, दिवसाला पाव टनाच्या प्रायोगिक संयंत्रात. ही वाट आयात कमी करू शकते. ऊर्जेची बचत म्हणून तिची शिफारस करता येत नाही.

नववी पायरी : पऱ्हाटी आणि तणस

विदर्भात सगळ्यात मोठी आशा यांच्यावर आहे, म्हणून इथं जरा रेंगाळतो. पानिपतचा इंडियन ऑइलचा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला. वर्षाला सुमारे दोन लाख टन धानाच्या तणसापासून तीन कोटी लिटर, अशी त्याची आखणी. म्हणजे टनाला १५० लिटर. तणसाच्या टनात १४ गिगाज्यूल, १५० लिटर इथेनॉलमध्ये ३.२. जेमतेम २३ टक्के. उरलेलं लिग्निन, म्हणजे काडीतला न आंबणारा भाग, जाळून वाफ करता येते, म्हणून बाहेरचं इंधन कमी लागतं आणि खनिज गुणोत्तर चांगलं दिसू शकतं. पण आम्ल, एन्झाइम, पूर्वप्रक्रियेची वाफ यांच्या ओळी हिशेबात हव्यात, आणि वाहतुकीचीही. लिटरला ६.७ किलो तणस लागतं. सुटं तणस ट्रकमध्ये हवेसारखं भरतं, त्यामुळे गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राचं डिझेल वेगळं धरा. पऱ्हाटी तर उपटायची, तोडायची, बारीक करायची. धान्यासाठी ०.३ असलेली वाहतुकीची ओळ इथं सहज कित्येक पट होते.

आता दुसरा पर्याय पाहा. तेच टनभर तणस किंवा पऱ्हाटी दाबून गोळ्या, म्हणजे पेलेट, करून औष्णिक केंद्रात कोळशाऐवजी जाळली तर तेरा-चौदा गिगाज्यूल कोळसा वाचतो. कापूस तंत्रज्ञान संस्थेच्या, म्हणजे सिरकॉटच्या, नागपूरच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात पऱ्हाटीच्या ब्रिकेट आणि पेलेटवर काम झालं आहे. वायू करून मिथेनॉल काढलं तर कच्च्या मालातली साधारण निम्मी ऊर्जा द्रवात उतरते, इथेनॉलच्या दुपटीहून जास्त. द्रव इंधन गाडीत चालतं, पेलेट चालत नाही, हे मान्य. पण उद्देश खनिज इंधन वाचवण्याचा असेल तर पऱ्हाटीसाठी आजचा पहिला पर्याय पेलेट आहे, दुसऱ्या पिढीचं, म्हणजे काडीकचऱ्यापासूनचं, इथेनॉल नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि खेड्यात पऱ्हाटी चुलीतही जाते. ती उचलण्याआधी तुसाबद्दल विचारला तोच प्रश्न इथंही विचारा.

दहावी पायरी : आकडे हलवून पाहा

कागद तयार झाला की एकेक आकडा दोन्ही बाजूंना वीस टक्के हलवा आणि गुणोत्तर किती सरकतं ते पाहा. मक्याच्या उदाहरणात वाफ ३.८ ऐवजी ३ किलोवर आणली तर कोळशाच्या बॉयलरचं गुणोत्तर १.०३ वरून १.१६ होतं. उतारा २५ क्विंटलचा ३० झाला तर १.०८. वाहतूक दुप्पट केली तरी जवळपास फरक नाही. बॉयलरचं इंधन बदललं की २.३. कुठं मेहनत आणि पैसा घालायचा ते एवढ्यावरून कळतं.

पुरवठादाराकडून किंवा सल्लागाराकडून पाच गोष्टी लेखी घ्या : लिटरमागे वाफ किती आणि त्यात स्पेंट वॉश आटवणं व डीडीजीएस वाळवणं धरलं आहे का, वीज लिटरमागे किती युनिट, मे आणि ऑगस्टची वेगळी, बॉयलरची कार्यक्षमता कोणत्या इंधनावर मोजली, उष्मांक जीसीव्ही आहे की एनसीव्ही, आणि नमुना कोणत्या ओलाव्याचा, जोड-उत्पादनाला वाटा कोणत्या रीतीनं दिला. यातल्या पहिल्या प्रश्नावर उत्तर अडखळलं तर पुढचे चार विचारण्याआधी चालू असलेल्या एखाद्या धान्य डिस्टिलरीचं महिन्याचं वाफेचं मीटर-रजिस्टर पाहायला मागा. महिन्याची एकूण वाफ भागिले महिन्याचे एकूण लिटर, एवढा एकच भागाकार तिथं उभ्या उभ्या करून घ्या आणि तोच आकडा तुमच्या कागदावर लिहा.